दोरखाना, मुंबई गोदीचा

शिडाच्या जहाजांसाठी दोर वळण्याचा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील मुंबई येथील कारखाना. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३५–३६ च्या सुमारास मुंबईस आले आणि येथील गोदीचा व्याप वाढला. जहाजाला जसे सागवान लागे, तसाच नांगराच्या जाड दोरापासून शिडाच्या बारीक दोरीपर्यंत दोरही लागे.

अब्राहम पार्सन्स या इंग्रज प्रवाशाने १७७५ मध्ये ही गोदी पाहिली. जहाजी सामान नीट वखारींत ठेवलेले त्याला आढळले. जवळचा दोरखाना लांबीने व सोयीने, पोर्ट्समथचा एक सोडल्यास, इंग्लंडमधील कोणत्याही दोरखान्याच्या तोडीचा असून कामगारांसाठी त्यावर छप्पर आहे, असे तो नमूद करतो. पेड ताणून धरूनच एकत्र वळावे लागत आणि पीळ बसताना ते आखडत. म्हणून जागा तयार दोराहून बरीच लांब लागे.

येथे हेंप व काथ्या या दोहोंचे दोर होत. हेंपचा दोर मजबूत, पण डांबर न दिल्यास ओलाव्याने कुजणारा. काथ्या ताकदीने उणा, परंतु हलका व ताण सोसणारा. तो खाऱ्या पाण्यात टिकतो, गोड्या पाण्यात मात्र लवकर नासतो. समुद्रात निभावणारा हा माल गळक्या वखारीत, तेही मुंबईच्या पावसाळ्यात, वाया जाण्याचा धोका असे. मलबार किनाऱ्यावरील गावांत वळलेले काथ्याचे सूत गलबते भरभरून मुंबई व सुरतेस येई आणि कितीही आले तरी खपे. देशी व्यापारी गलबते तर दुसरा दोर वापरीतच नसत.

वाळलेले तंतू व डांबर एकत्र असल्याने आगीचे भय मोठे. पार्सन्सने वाखाणलेला पोर्ट्समथचा दोरखाना ७ डिसेंबर १७७६ रोजी जेम्स एटकन याने पेटविला. त्याला १७७७ मध्ये फाशी झाली.

ब्रिटिश आरमाराचा हेंप मुख्यतः रशियातून येई. १८०७ च्या टिल्झिट तहानंतर तो पुरवठा धोक्यात आला. खानदेशासह देशावरील शेतकरी ज्यांचा मोटेचा नाडा व बैलांचे दावे वळी, त्या ताग-अंबाडीकडे कंपनीचे लक्ष पूर्वीच वळले होते; बंगालमध्ये विल्यम रॉक्सबर्गने भारतीय तंतूंच्या ताकदीचे प्रयोग केले होते. पुढे लोखंडी साखळ्या, पोलादी तारेचे दोर व आगबोटी यांमुळे जहाजावरील तंतूंच्या दोरांचे महत्त्व ओसरले. काळा घोडा भागातील साईबाबा मार्ग अद्याप ‘रोप वॉक लेन’ या जुन्या नावानेही ओळखला जातो.