बद्द वाजणाऱ्या बोल्टचं कूळ

मदनगडाच्या कातळटप्प्याखाली दोर धरून उभा होतो. मराठेशाही बुडाल्यावर इंग्रजांनी इथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, तेव्हापासून मधला टप्पा दोराशिवाय होत नाही. वरच्या गड्याने कातळात बसवलेल्या जुन्या बोल्टवर हातोडी टेकवल्यासारखी मारली आणि ओरडला, "बद वाजतोय रे! याच्यावर भार नको."

शेजारचा म्हणाला, "इंग्रजीतलं 'बॅड'. दुसरं काय?"

तिथून मी या शब्दाच्या मागे लागलो.

'बॅड' पहिल्या फेरीतच बाद. इंग्रजी 'ड' मराठीत 'ड'च राहतो. बेडचा कोणी बेद करत नाही. मग फारसी 'बद' – बदनाम, बदफैली. (फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' अर्थाने जुळे, पण नात्याने परके, भाषाशास्त्रातली ही लाडकी गंमत.) हा दावेदार तगडा खरा, पण मराठीत तो सहसा दुसऱ्या शब्दाच्या पुढे चिकटूनच येतो, एकटा वाजत नाही. आमचा 'बद' मात्र वाजतोच. जोर दिला की 'बद्द' होतो. त्याची भावंडं पाहा : बदकन, बदाबदा. हे घराणं आवाजाचं आहे.

आणि ते कुंभाराच्या दारातून आलेलं असावं. मडकं घेताना आपण टिचकी मारतो. चीर असेल तर कंप तिथेच मरतो, मडकं बद्द बोलतं. रुपयाचंही तेच. 1835 च्या कंपनी सरकारच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. तो दगडावर आपटून ऐकायचे. खणखणीत तो घ्यायचा, बद्द तो परत.

कातळावर हा शब्द कसा चढला? माझं उत्तर : इगतपुरी स्टेशनवरून. 1865 मध्ये कसारा घाटातून रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा उतार. म्हणून खाली जाणाऱ्या गाड्या इगतपुरीला थांबून ब्रेक तपासून घेत. लांब दांड्याची हातोडी घेऊन, चीर ऐकायला चाकं वाजवत जाणारा माणूस पाहिला नाही असा जुना प्रवासी विरळा. कोणी म्हणतील, कातळात खिळा ठोकताना चढत जाणारा सूर युरोपातले गिर्यारोहक आधीपासूनच ऐकत होते, 1939 मध्ये अमेरिकेत शिपरॉक सुळक्यावर बोल्टही बसले. मान्य. रीत तिकडची असेल, शब्द इकडचा. पुरावा विचाराल तर माझे दोन कान.

बोल्ट भोकात पसरून कातळाला घट्ट धरतो, तेव्हा हातोडी उसळते आणि सूर स्वच्छ येतो. पकड सुटली की बद्द. कधी बोल्ट धड असतो, पण बेसॉल्टचा पापुद्राच आतून सुटलेला असतो. म्हणून आधी आजूबाजूचा दगड वाजवायचा. मग नट, बोल्टवर फिरणारी पट्टी, भोकाभोवतीच्या भेगा पाहायच्या. आतला गंज मात्र आवाजात हमखास येत नाही. खणखणीत वाजणारा जुना बोल्टही म्हणून एकटा भरवशाचा नाही, दोर दुसऱ्यालाही जोडायचा.

मदनवरचा तो बोल्ट आम्ही वापरला नाही.