पठारावरील शरणपूर

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड जुने शास्त्री करीत. निमंत्रण देऊन बोलाविलेल्या पाहुण्याचे स्वागत करणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती अवेळी कडी वाजते तेव्हा, आणि त्याहूनही अधिक, कडी वाजविणाऱ्याला आत घेणे हाच गुन्हा ठरतो तेव्हा. 1940 ते 1944 या चार वर्षांत फ्रान्समधील एका डोंगरी गावच्या ख्रिस्ती मंडळीवर हा प्रसंग आला. त्या गावाचे नाव ल शाँबों-स्यूर-लिन्यों.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर हे पठार आहे. हिवाळा दीर्घ, बर्फ दाट, जमीन कंजूष. देश कॅथॉलिक असताना येथील बहुसंख्य शेतकरी मात्र प्रॉटेस्टंट, म्हणजे ह्युगेनॉटांचे वंशज. 1598 साली नांत येथील राजाज्ञेने त्यांच्या पूर्वजांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य चौदाव्या लुईने 1685 साली काढून घेतले. त्यानंतर शंभर वर्षे त्यांची उपासना रानावनांत, चोरून चालत असे. पकडलेले उपदेशक फासावर जात, पुरुष गलबतांवर वल्ही मारावयास धाडले जात. मारी द्युराँ नावाची स्त्री आपला धर्म सोडावयास तयार होईना, म्हणून 1730 पासून 1768 पर्यंत, अडतीस वर्षे, एका बुरुजात कोंडलेली होती. आपल्या पाळकाला गवताच्या गंजीत कसे लपवावे आणि शिपायापुढे चेहरा कोरा कसा ठेवावा, हे ज्ञान या घराण्यांना वारशानेच मिळालेले होते.

परंतु केवळ पूर्वजांच्या छळाच्या आठवणीने कोणी परक्याला दार उघडत नाही. छळ सोसलेल्यांनीच पुढे छळ केल्याची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. शाँबोंला आणखी एक सवय होती, आणि तिच्याकडे गौरवाच्या भरात दुर्लक्ष होते. 1893 साली लुई कोंत नावाच्या पाळकाने सेंत-एतिएन या कारखानदारीच्या शहरातील अशक्त मुलांना उन्हाळ्यात या पठारावरील शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे हवापालटासाठी येणाऱ्यांकरिता भोजन-निवासाची घरे निघाली. परके मूल ताटाला ताट लावून बसलेले पाहण्याची गावाला सवय झाली. या पाहुणचारात काही पैसाही मिळत असे, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. गरीब शेतकऱ्याचे औदार्य त्याच्या प्रपंचाला धरूनच चालावयाचे.

1934 साली आंद्रे त्रोक्मे हे या गावी पाळक म्हणून आले. त्यांची आई जर्मन, पत्नी माग्दा या इटलीत जन्मलेल्या. शत्रुराष्ट्र ही कल्पना त्या घरात टिकणेच कठीण होते. त्यांचे सहकारी एदुआर तेस यांच्यासह त्यांनी 1938 साली एक शाळा काढली. दोघेही शस्त्र हाती धरण्याच्या विरुद्ध होते. 22 जून 1940 रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, या दोघांनी मंडळीला सांगितले की, सदसद्विवेकावर जबरदस्ती होईल तेथे ख्रिस्ती माणसाने आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार केला पाहिजे. शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी, सारा देश सुन्न असताना, हे बोलले गेले.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी बर्फाने माखलेली एक जर्मन ज्यू स्त्री त्रोक्मे यांच्या दारी आली. माग्दाबाईंनी तिला स्वयंपाकघरात घेतले, चुलीजवळ बसविले आणि खाऊ घातले. मग तिच्यासाठी रीतसर कागद मिळावेत म्हणून त्या सरळ नगराध्यक्षांकडे गेल्या. एका परकीय बाईसाठी सारे गाव धोक्यात घालणार काय, असे विचारून त्यांनी तिला सकाळी गावाबाहेर काढण्यास सांगितले. त्या गृहस्थांना दुष्ट ठरविणे सोपे आहे. पण गावाची चिंता वाहणे हेच त्यांचे काम होते. त्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी एका दूरच्या घराचा पत्ता देऊन निरोप द्यावा लागला. हे शल्य माग्दाबाईंना पुढे सलत राहिले. यानंतर आलेल्या पाहुण्याविषयी अधिकाऱ्यांना काही विचारावयाचे नाही, एवढे मात्र ठरून गेले.

पुढे त्रोक्मे मार्सेय येथे क्वेकर पंथाचे बर्न्स चामर्स यांना भेटले. छावण्यांतून मुलांना सोडवून आणणे काही प्रमाणात शक्य होते. त्यांना ठेवून घेणारे गाव मिळत नव्हते. शाँबोंने ती जबाबदारी घेतली. क्वेकर, स्विस आणि इतर संस्थांच्या साहाय्याने मुलांची वसतिगृहे उभी राहिली. बाकीचे लोक शेतघरांत विखुरले. पाळकांनी तेरा जणांचे एक मंडळ केले होते. ते आधी त्यांच्याबरोबर शास्त्राचे वाचन करीत आणि मग आपापल्या वस्तीत जाऊन ते चालवीत. या वाचनाच्या बैठकांतूनच निरोपही फिरत. ऑस्कर रोसोव्स्की हा अठरा वर्षांचा ज्यू तरुण स्वतः आश्रित असून एका शेतघरात बसून खोटी ओळखपत्रे तयार करी. खोटे बोलण्याची पाळी त्रोक्मे यांना सलत असे, तथापि त्या कागदांवाचून माणसे वाचत नव्हती.

हे कार्य एका मंडळीचेच होते असेही नव्हे. आसपासच्या गावचे प्रॉटेस्टंट, प्रस्थापित चर्चपासून फटकून राहणारे डार्बीपंथी आणि शेजारचे कॅथॉलिक यांनीही माणसे ठेवून घेतली. किती जण वाचले? पाच हजार हा आकडा फार दिवस सांगितला जातो. इतिहासकार अलीकडे त्याहून कमी मानतात. हिशेबाची वही ठेवणे म्हणजे पुरावा ठेवणे, तेव्हा हा घोळ स्वाभाविकच होय.

ऑगस्ट 1942 मध्ये व्हिशी सरकारचे उच्चाधिकारी लामिराँ गावी आले, तेव्हा शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र दिले. पॅरिसमध्ये जुलैत झालेल्या ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करून, आमच्यातही ज्यू आहेत आणि आम्ही त्यांच्यात भेद करीत नाही, असे त्यात लिहिले होते. थोड्याच दिवसांत पोलीस मोटारी घेऊन आले. यादी मागितली गेली. पाळकांनी दिली नाही. आश्रित रानात पांगले. 13 फेब्रुवारी 1943 रोजी त्रोक्मे, तेस आणि शिक्षक दार्सिसाक यांना अटक झाली. शिपाई घरी येऊन थांबले होते आणि जेवणाची वेळ झाली होती, म्हणून माग्दाबाईंनी त्यांनाही ताटावर बसविले. सुमारे महिन्याभराने तिघे सुटले.

जर्मनांनी 29 जून 1943 रोजी टाकलेल्या छाप्यात मात्र अठरा विद्यार्थी सापडले. त्यांचे वसतिगृह चालविणारे दानिएल त्रोक्मे हे पाळकांचे नातेवाईक. मुलांबरोबर तेही गेले आणि एप्रिल 1944 मध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावले. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना 20 ऑगस्ट 1944 रोजी गोळ्या घालण्यात आल्या.

निरपराध्याचे रक्त आपल्या भूमीवर सांडू नये म्हणून शरणार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या नगरांचा उल्लेख जुन्या करारात आहे. त्रोक्मे आपल्या मंडळीला त्याची आठवण देत. नाशिकच्या शरणपुरामुळे मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात तेथे ठाव मिळाला होता.

युद्ध सरले तेव्हा पठाराजवळ जर्मन कैद्यांना ठेवले होते. सकाळी गावात केलेला उपदेश त्रोक्मे दुपारी त्या कैद्यांपुढे जर्मन भाषेत करू लागले. ज्यांच्या घरची माणसे गेली होती अशा कित्येकांना ते रुचले नाही. पाळक शत्रूचे लाड करतात, असे गावात बोलले जाऊ लागले. कैद्यांना तो उपदेश आपल्याविरुद्ध वाटे. तरीही पुढच्या रविवारी ते पुन्हा तेथे जात.