बोलायचं काम कुणाचं?



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला आणि बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. त्या तर मलाही आवडतात. पण माझ्याकडे आपल्या वर्गातला एक प्रश्न तीस वर्षं पडून आहे. तो आमच्या इतिहासाच्या बाईंनी विचारला होता आणि त्याचं उत्तर मी आणि माझी बाकावरची मैत्रीण अशा दोघींनी मिळून द्यायचं होतं. आम्ही ते दिलं नाही. हा लेख म्हणजे तो राहिलेला गृहपाठ समजा.

समाजसुधारकांचा धडा चालू होता. आपल्या दृष्टीने तो ‘जोड्या लावा’चा धडा. एका बाजूला पंडिता रमाबाई, दुसऱ्या बाजूला शारदा सदन. रेघ ओढली की मार्क मिळाला. माझ्या शेजारची मैत्रीण थर्मल कॉलनीतून यायची. तिचं घर ख्रिस्ती. वक्तृत्व स्पर्धेत ती उभी राहिली की बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी भांडायचं, हे तुम्हाला आठवत असेल. मी तिला सहज म्हटलं, “चर्चमध्येसुद्धा तूच भाषण करत असशील ना?” ती म्हणाली, “नाही गं. तिथं मी गाणी म्हणते. आई लहान मुलांना शिकवते. उपदेशाचं काम माणसांचं. बायबलातच तसं लिहिलंय म्हणतात.” बाईंनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मग रमाबाईंनी काय केलं असेल? दोघी शोधून काढा.” पुढे सराव परीक्षा आली, बोर्डाची परीक्षा आली आणि प्रश्न तिथंच राहिला.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण परळीहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड गेलं की केडगाव स्टेशन लागतं. त्या पाटीकडे बघून दर वेळी बाईंचा आवाज आठवायचा. शेवटी वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते मांडते.

आधी बायबलात काय आहे ते पाहू. मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नव्हतं. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीला शिकवण्याची आणि पुरुषावर अधिकार चालवण्याची परवानगी नाकारली आहे. इफिसकरांच्या पत्रात पती हा पत्नीचं मस्तक आहे असं म्हटलं आहे. मात्र त्याच ठिकाणी, ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसं प्रेम पतीने पत्नीवर करावं, अशीही आज्ञा आहे. म्हणून अनेक ख्रिस्ती लोक प्रामाणिकपणे मानतात की घरात आणि चर्चमध्ये पुढारपण पुरुषाचं, पण ते हुकूम सोडण्याचं नसून झिजण्याचं आहे. दुसरी बाजूही त्याच ग्रंथात आहे. गलतीकरांच्या पत्रात तोच पौल सांगतो की ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. रोमकरांच्या पत्रात तो फीबी नावाच्या सेविकेची शिफारस करतो. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा मिळून अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला शिकवतात. येशू उठल्याची बातमी शिष्यांना पहिल्यांदा सांगते ती मग्दालीया मरीया. म्हणजे वाद बायबल मानणारे आणि न मानणारे यांच्यात नाही. बायबल मानणाऱ्यांच्या घरातलाच तो वाद आहे.

रमाबाई या वादात पडल्या तेव्हा त्या कोऱ्या पाटीच्या नव्हत्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यासाठी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून देवळांमध्ये पुराणं सांगायचं. आपण श्रावणात वैजनाथाच्या देवळात जायचो ना, तसल्याच देवळांत. आपल्या लहानपणी तिथं पोथी सांगायला बसलेली बाई मला आठवत नाही. रमाबाई मात्र मुलगी असताना पुराण सांगत होत्या. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुरुषांच्या सभेत बोलणं ही त्यांच्यासाठी नवलाई राहिली नव्हती.

लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनसमोर साक्ष दिली. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या. तिथंच आमच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर घडलं.

रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली. भाषा शिकवायची होती, धर्मोपदेश नव्हे. तरी मठातल्या सिस्टर जेराल्डिन, ज्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या, त्यांना धास्ती वाटली. भारतातल्या इंग्रज बिशपांचा सल्ला घेतला गेला. त्यांचं मत पडलं की हे योग्य नाही. बाईने पुरुषांना शिकवलं हे कळलं तर तिच्याच देशबांधवांत तिची पत जाईल. रमाबाईंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलं तेव्हा वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवलं तेव्हा पतीने घेतली नाही, मग ही हरकत येते कुठून? आणि मला देवाने बुद्धी आणि विवेक दिला आहे, काय करायचं ते मी त्यांनी ठरवीन.

हे वाचताना मी थांबले. कर्मठ ब्राह्मण घरात मिळालेली मोकळीक नव्या धर्माचे अधिकारी नाकारत होते, आणि तेही ‘तुमच्याच लोकांना आवडणार नाही’ असं कारण देऊन. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. पण एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जायला त्या तयार नव्हत्या, आणि तसं त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं. त्या वेळी त्यांचं वय सव्वीस-सत्तावीस होतं, पदरात लहान मूल होतं आणि राहण्याजेवण्याचा आधार याच लोकांचा होता. पोटाचा आधार ज्यांच्या हाती आहे त्यांना ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं, हे नोकरी केलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथं मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. १८९३ मध्ये तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती होत असल्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप अगदी निराधार होता असं मला म्हणवत नाही. मुली धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून पाठवल्या होत्या आणि रमाबाईंच्या प्रार्थनेचं दार उघडं असायचं. पण मुलींनी ते दार ओलांडलं तर अडवायचं नाही, हेही त्यांनी सोडलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती, बहुतेक मुली आणि बायका. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शाळा, दवाखाना. खिळे जुळवणाऱ्या बायका, हिशेब ठेवणाऱ्या बायका, प्रार्थना चालवणाऱ्या बायका. १९०५ मध्ये तिथं मोठी धार्मिक जागृती झाली आणि मुलींचे गट आसपासच्या गावांत उपदेशाला जाऊ लागले. ‘बाईने उपदेश करावा का’ यावर केडगावात परिसंवाद भरला नाही. काम पुढ्यात होतं आणि करणाऱ्या त्याच होत्या. गुलबर्ग्यालाही रमाबाईंनी मुलींची शाळा काढली. ते तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आपल्या परळीसारखंच.

शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. खेड्यातल्या बाईला वाचता यावं हा हेतू. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन बाईला गप्प बसवलं जायचं, तो अख्खा ग्रंथ एका मराठी बाईने भाषांतरित केला होता.

हे झालं चर्चचं. घराचं काय? त्यासाठी दुसरं घर बघावं लागतं, ना. वा. टिळकांचं. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न विचारता. त्या काळच्या हिशेबाने नवऱ्याचा धर्म तो बायकोचा. पण लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही स्वतःचा धर्म त्यांनी लगेच सोडला नाही, आणि टिळकांनी तशी सक्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, जात ही माणसाने केलेली गोष्ट आहे असं मनाला पटल्यावर. नवरा पाच वर्षं थांबला. मस्तक असण्याचा झिजणारा अर्थ कदाचित हाच असेल. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेतलं शिक्षण जवळपास शून्य होतं. तीस वर्षांपूर्वी मी ‘स्मृतिचित्रे’मधला विनोद तेवढा वाचला होता, त्यामागचा हट्ट आता दिसतो.

मग आज काय? रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा अजूनही नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तिथं आता स्त्रिया पाळक होऊ शकतात. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्याल इथं ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. आणि ज्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तिथं स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली १९९४ मध्ये, पहिली स्त्री बिशप झाली २०१५ मध्ये. तेच चर्च आता दर ३० एप्रिलला रमाबाईंचं स्मरण करतं. त्यांना शिकवू देऊ नका असं सांगणाऱ्या बिशपांची नावं मात्र शोधावी लागतात. त्याचबरोबर अनेक स्वतंत्र मंडळ्यांमध्ये उपदेशाची जागा आजही फक्त पुरुषांची आहे, आणि तिथल्या सगळ्याच बायका त्यावर नाखूश आहेत असंही नाही.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा म्हणून बाजूला ठेवता येईल का? वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हे आपण सहलीच्या वहीत लिहायचो. वर्गात मात्र मॉनिटर मुलगाच असायचा आणि पहिली आलेली मुलगी उपमॉनिटर. मुलांनो, तुमची तक्रार नाही. आम्हालाही तेव्हा ते खटकलं नव्हतं. ऑफिसात आज माझ्या हाताखाली पंधरा जण काम करतात, आणि गावाकडच्या लग्नाच्या बैठकीत मी चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करते. तिथं बोलायला मला कुणी बंदी केलेली नाही. मी बोलत नाही, एवढंच.

बाई, तुम्ही या मेळाव्याला येणार आहात असं कळलं. उत्तर असं आहे : रमाबाईंनी परवानगी मागितली नाही आणि धर्मही सोडला नाही. आपल्या आईचा दाखला दिला आणि कामाला लागल्या.

आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणी, तू हल्ली कुठल्या चर्चमध्ये जातेस, तिथं गातेस की बोलतेस, मला माहीत नाही. दोन्ही छानच. पण मेळाव्यात आभाराचं भाषण कुणी करायचं असं ग्रुपवर विचारलंय, आणि मी तुझं नाव कळवून ठेवलं आहे. नाही म्हणू नकोस.