पाळी आणि स्वप्ने : समजुतीपासून मोजमापापर्यंत

मालवणच्या किनाऱ्यावर दिवस तिथीने मोजण्याची जुनी सवय आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे मच्छीमारांच्या घरातील मूलही सांगते. अशा ठिकाणी स्त्रीची पाळीही चंद्राशी जोडली गेली तर नवल नाही. ‘मासिक’ हा शब्दच ती जोडणी करतो. पण चांद्रमास सरासरी २९.५ दिवसांचा, तर प्रौढ स्त्रीचे निरोगी चक्र २१ ते ३५ दिवसांपर्यंत कमीजास्त असते. साम्य दिसले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. पाळी आणि स्वप्ने यांच्या संबंधाचा इतिहासही हेच शिकवतो.

आपल्याकडील एक जुना उल्लेख सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. ऋतुस्नानानंतर स्त्रीला स्वप्नात समागम घडला, तर वायू आर्तव घेऊन उदरात गर्भ निर्माण करतो आणि त्यात पित्याकडून येणारे गुण नसतात, असे तेथे म्हटले आहे. पोटात वाढणाऱ्या विकृत गोळ्याचे कारण शोधण्याचा तो प्रयत्न असावा. पण त्याचा बोल लागला स्त्रीच्या स्वप्नाला.

१९३९ साली शिकागोत थेरेसे बेनेडेक या मनोविश्लेषक आणि बोरिस रुबेनस्टाइन या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. रुबेनस्टाइन योनिमार्गातील पेशी व शरीराचे तापमान तपासून चक्राची अवस्था ठरवत. बेनेडेक उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या स्वप्नांवरून तीच अवस्था ओळखू पाहत. दोघांचे निष्कर्ष बरेच जुळले. दोन स्वतंत्र नोंदी पडताळण्याची ही पद्धत मोलाची होती. परंतु स्वप्नाचा अर्थ लावणाराची अपेक्षा त्या अर्थात मिसळते, हा दोष राहिलाच.

१९५३ मध्ये त्याच शहरात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था नोंदवली. त्या अवस्थेत जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगत. आता स्वप्न सकाळच्या आठवणीवर सोडावे लागेना. पुढील अभ्यासांत मात्र अमुक दिवसांत अमुक स्वप्न असा पक्का नियम हाती आला नाही.

मग काय सापडले? बीजविमोचनानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. या काळात स्वप्नांची ती अवस्था किंचित घटू शकते. पाळीत पोट फार दुखत असेल तर झोप मोडते. आणि झोप मोडली की स्वप्न लक्षात राहण्याचा संभव वाढतो. कोकणात अनेक घरांत पाळीच्या दिवसांत बाईचे अंथरूण पडवीत किंवा वेगळ्या कोपऱ्यात टाकत. जागा बदलल्यानेही झोप चाळवते. म्हणजे ‘त्या दिवसांतली’ काही स्वप्ने रक्तस्रावाने नव्हे, तर रूढीनेच लक्षात राहिली असतील.

शिक्षकांनी मोठ्या मुलींना एक वही सुचवावी : तारीख, झोपेचे तास, किती वेळा जाग आली, स्वप्न आठवले का. वही मुलीची स्वतःचीच. ती वर्गात मागू नये. तीन-चार महिन्यांच्या नोंदींतून तिला आपल्या शरीराची चाल कळेल. एखाद्या स्वप्नाने मनात अपराधाची भावना घेऊन बसलेल्या मुलीला एवढे तरी कळावे, की स्वप्न हा दोष नाही आणि पाळी हा विटाळ नाही.