भिंतीवरचे महाराज

रेवसच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत मी नोकरी केली. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच ओहोटीला गाळापायी खोळंबते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उतारू भरतीची वाट बघत बसायचे आणि मी गल्ल्याला कुलूप लावून टेबलाखालची शाडू बाहेर काढायचो. गणपती करायची हौस घरातली. माणसांचे चेहरे करायला मात्र मी धक्क्यावर शिकलो. पहिला चेहरा लाँच हाकणाऱ्या आमच्या सारंगकाकांचा. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "नाक माझं नाय रे, पण नजर माझीच हाय. रविवारी तुला सासवण्याला नेतो."

मांडव्याजवळचं सासवणे आमच्यापासून हाकेवर म्हणावं असं. तिथलं करमरकर शिल्पालय मी तोवर पाहिलं नव्हतं, याची आजही खंत वाटते. नारळी-पोफळींतलं घर, दारात म्हैस. ती सिमेंटची आहे हे कळायला मला दोन पावलं पुढे जावं लागलं. काका मात्र म्हशीजवळ थांबले नाहीत. ते मला थेट 'मत्स्यगंधा'पुढे घेऊन गेले. "ही आपली कोळीण," एवढंच बोलले. त्या दिवसापासून मी विनायक पांडुरंग करमरकरांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. वाचताना एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसते: या माणसाची कला पुढे नेली ती कामाच्या निमित्तानं भेटलेल्या माणसांनी.

करमरकरांचा जन्म 1891 चा, सासवण्याचाच. लहानपणी त्यांनी गावातल्या रामाच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा, आणि कलेक्टर होते ऑटो रॉथफिल्ड. त्यांच्या नजरेला ते चित्र पडलं. कलेक्टर गावात येतो तो कामासाठी. देवळाच्या भिंतीकडे बघणं काही त्याच्या कामात मोडत नाही. रॉथफिल्ड थांबले, चित्र काढणाऱ्या मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवलं.

रॉथफिल्ड कुणी निव्वळ हाकीम नव्हते. ते लिहिणारे होते. 1920 मध्ये त्यांचं 'विमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक निघालं आणि त्यातली चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत. धुरंधर जे. जे. मधले शिक्षक. म्हणजे आपल्या भिंतीवरचं चित्र ज्यानं हेरलं, तो साहेब चित्रकाराच्या जोडीनं पुस्तक करणारा होता. अशाच माणसाचे पाय भिंतीपाशी थबकतात, असं मला वाटतं.

पुढची साथ मिळाली सुरेंद्रनाथ टागोरांची. हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ हे आय. सी. एस. मधले पहिले हिंदी अधिकारी, आणि त्यांची नोकरी बरीचशी आपल्याच मुंबई इलाख्यात झालेली. सुरेंद्रनाथांच्या पाठबळावर करमरकर कलकत्त्याला गेले. 1916 मध्ये तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला. 1920 मध्ये लंडनला जाऊन रॉयल अकॅडमीत शिकले. सासवण्याचा मुलगा, बंगाल्यांच्या शहरात, भाषा वेगळी, जेवण वेगळं. तरी तिथे तो रुजला. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचं 'शंखध्वनी' हे त्यांचं शिल्प पाहिलं की मला त्या बंगालच्या मुक्कामाची आठवण होते.

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं त्या स्मारकाची पायाभरणी 1921 मध्ये झाली, अनावरण 1928 मध्ये. शाहू महाराज तोवर हयात नव्हते. हा पुतळा ब्राँझमध्ये एकसंध ओतलेला आहे. ओतकामात काय लागतं, हे धक्क्यावर काम केलेल्याला लगेच समजेल. रस तापला की थांबता येत नाही. भट्टीवरचा, साच्यापाशी उभा राहणारा, रस ओतणारा, सगळ्यांचा हात एका इशाऱ्यावर चालावा लागतो. लाँच धक्क्याला लागताना दोर फेकणारा आणि झेलणारा यांचं जसं असतं, तसंच. पुतळ्याखाली नाव एकाचं असतं आणि ते योग्यच आहे, पण त्या भट्टीपुढे घाम गाळलेल्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो. देवळाच्या भिंतीवरचे महाराज ब्राँझमध्ये उभे राहिले, त्यात त्यांचाही वाटा आहे.

एवढं नाव झाल्यावरही करमरकर सासवण्याला विसरले नाहीत. शिल्पालयातले चेहरे बघा. राजे, पुढारी आहेत, पण माझे पाय तिथे थांबत नाहीत. मला थांबवतात ती कष्टाची माणसं आणि गोठ्यातली जनावरं. त्यांची पाठ कशी वाकते, मान कुठे वळते, हे रोज बघितल्याशिवाय हाताला सापडत नाही. 1967 मध्ये करमरकर गेले.

मी काही करमरकर झालो नाही. पण श्रावण लागला की माझी दुपारची पाळी शेजारच्या खिडकीतला सोबती न सांगता घ्यायचा, आणि मूर्ती सुकायच्या दिवसांत पावसानं उघडीप दिली की खलाशी पोरं घरी येऊन पाट उन्हात काढायची. सारंगकाका दरवर्षी आखणीच्या वेळी येऊन बसत. बोलत नसत. डोळे नीट उतरले की फक्त मान हलवत. ती मान हलेपर्यंत मी मूर्ती कुणाच्या हाती दिली नाही.

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. लाँचनं रेवसला उतरलात तर अलिबागची घाई करू नका. आधी सासवण्याला जा आणि 'मत्स्यगंधा'पुढे थोडा वेळ उभे राहा. तुमच्या कचेरीत वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारा कुणी असेल, तर त्यालाही सोबत न्या.