खोगीर, लगाम आणि मुंडासे
(वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



रहिमतपुरास येऊन घोड्याविषयी बोलायचे, म्हणजे आधी येथल्या एका जुन्या स्वाराला मुजरा केला पाहिजे. आपल्या गावात रणदुल्लाखानाची कबर आहे, शेजारी मशीद आहे आणि मशिदीपुढच्या कारंज्यास पाणी पुरविण्यासाठी बांधलेला उंच बुरूजही आहे. हा रणदुल्लाखान विजापूरच्या महंमद आदिलशहाचा नामांकित सरदार. १६३७-३८ च्या सुमारास तो कर्नाटकाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर शहाजीराजे होते. आपण शाळेत जाता-येता ज्या घुमटाकडे पाहतो, त्याखाली झोपलेल्या माणसाच्या घोड्याशेजारून थोरल्या महाराजांच्या वडिलांचा घोडा चालला होता, ही गोष्ट आम्हांस नेहमी गंमतीची वाटते.

हे दोन घोडे कसे होते? त्यांवर काय घातलेले होते? वर बसलेल्या माणसाने काय नेसले होते? प्रश्न लहान वाटतात. पण दर साली शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण त्यांचे उत्तर देतोच, आणि आमच्या मते चुकीचे देतो.

एका गावच्या मिरवणुकीतला प्रसंग सांगतो. आम्ही तेथे पाहुणे होतो. लग्नाच्या वरातीत नाचणारी मारवाडी घोडी भाड्याने आणली होती. तिच्या पाठीवर मखमलीची झूल, झुलीवर जरीची दुसरी झूल, त्यावर खोगीर, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगरांच्या माळा. वर बसलेल्या पोराला घोट्यापर्यंत लोळणारा चकचकीत झगा आणि पुठ्ठ्याचा सोनेरी मुगुट. ताशा कडाडला, घोडी एका बाजूस झाली. दोन-दोन झुलींवरून आवळलेला तंग तो काय धरणार? खोगीर पोराला घेऊन पोटाखाली फिरले. पोराचा हात मोडला. पण आमच्या मनात राहिली ती घोडी. तिच्या तोंडातून रक्त येत होते, कारण लगामाच्या लोखंडाला काटे होते. मिरवणूक पाच मिनिटे थांबली आणि पुन्हा निघाली. इतिहासाचे ज्ञान आणि जनावराची दया या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कशा हरवतात, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

आता मूळ घोड्याकडे वळू. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला, आणि मोठ्या मिनतवारीने तो त्याला परत मिळाला. या देशात घोडे निपजत नाहीत, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. ही अतिशयोक्ती खरी. पण चांगल्या घोड्याला दख्खनेत काय मोल होते, ते तीवरून समजते. चौल, दाभोळ, गोवे या बंदरांतून अरबी घोडा वर येई, आणि १५१० नंतर गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्या व्यापाराची किल्ली आपल्या हाती ठेवली. दर स्वाराला अरबी घोडा द्यायचा, तर बादशहाचा खजिनाही पुरा पडणार नाही. तेव्हा भीमा-नीरेच्या काठच्या काटक देशी घोड्या आणि बाहेरचे अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून मधले रक्त तयार झाले. उंचीने बेताचे, खुराचे टणक, थोड्या चाऱ्यावर निभावणारे, घाटाच्या चढणीवर न दमणारे. यालाच आपण भीमथडीचे तट्टू म्हणतो. यमुनेचे पाणी प्याले ते हे मिश्र रक्ताचे तट्टू.

गंमत अशी, की घोड्यासारखीच घोड्याच्या सामानाची भाषाही मिश्र आहे. जीन, लगाम, रिकीब, तंग, दुमची हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले. खोगीर हा तर फार बोलका शब्द आहे. फारसीत 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम टिपणारे ते खोगीर. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु तबेल्यात कोणी खोगिराला दुसरे नाव दिले नाही. मोतद्दाराची जीभ पंडिताचे ऐकत नाही. त्या खोगिरात काय काय कोंबीत, त्यावरून आपण 'खोगीरभरती' म्हणू लागलो आणि शब्दाची बदनामी झाली. वास्तविक ती भरती नीट, सारखी, गाठ न राहू देता भरणे हे मोठे कसब आहे. भरतीत एक गाठ राहिली तर दहा कोसांत घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा असून नसल्यासारखा.

आपल्या लोकांना हे फार चांगले ठाऊक होते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिली. तीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. वाचणारे बहुधा एवढ्यावर थांबतात. आमचे डोळे पुढच्या तपशिलावर खिळतात. दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी आणि एक नालबंद. ज्या राज्याने पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची गणती स्वारांच्या गणतीशेजारी केली, त्याला घोडा कळत होता. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा, हा भेद आपणांस माहीत आहेच. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांस महाराजांनी लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, संपली म्हणजे रयतेच्या घरात शिराल, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गंजीस आग लागेल, इतक्या बारकाईपर्यंत ते पत्र जाते. उंदराची फिकीर करणारा तो राजा मिरवणुकीतली रक्ताळलेली घोडी पाहून काय म्हणाला असता, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

स्वाराच्या पोशाखाविषयी आपणांस एक साक्षीदार अगदी घरचा मिळतो. ग्रँट डफ हा साताऱ्यास रेसिडेंट होता, आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. त्याच्या मतांशी आपण भांडतो, आणि भांडावेच. परंतु कपड्याच्या बाबतीत त्याला खोटे सांगण्याचे कारण नव्हते. गुडघा झाकणारा तंग चोळणा, रुईभरला शिवलेला अंगरखा, कमरेस शेला आणि बहुधा त्या शेल्यातच खोचलेली तरवार, डोक्यास मुंडासे आणि कित्येकांच्या मुंडाशाचा एक फेरा हनुवटीखालून घेऊन आवळलेला. हत्यारांत ढाल-तरवार, काहींजवळ बंदूक. पण मराठ्याचे खरे हत्यार भाला.

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. चोळणा तंग, कारण सैल कापड रिकिबीत गुंतते. अंगरखा रुईचा, कारण तो वार थोडा अडवितो आणि रात्री पांघरूणही होतो. मुंडाशाचा फेरा हनुवटीखालून, कारण भरधाव घोड्यावर पागोटे सावरायला हात मोकळा नसतो; एका हातात लगाम, दुसऱ्यात भाला. जरीला आणि मुगुटाला येथे जागाच नाही.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, 'मग पॅरिसच्या ग्रंथालयात महाराजांचे घोड्यावरचे चित्र आहे, त्याचे काय?' ते मीर महंमदाचे चित्र; मनुचीच्या संग्रहातून तिकडे गेले. चित्र उत्तम आहे. पण ते राजाचे आहे. राजाचा जामा आणि शिरपेच पाहून बारगिराचा पोशाख ठरविणे म्हणजे नवरदेव पाहून सगळ्या वऱ्हाडाला बाशिंगे बांधणे होय. शिवाय थाटाने लढाई जिंकत नाही. जड सामान आणि कुटुंबकबिले मागे ठेवावेत, असा सल्ला मल्हाररावांनी व सूरजमल जाटाने भाऊसाहेबांस दिला होता असे सांगतात. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी आपले घोडे रणात उतरले ते उपाशी पोटी.

तेव्हा भीमथडीचे तट्टू सजवून लोकांपुढे न्यायचे, तर आम्ही काय घालू? पाठीवर आधी नमद्याची घडी. तिच्यावर जाड सुती कापडाचे, सारख्या भरतीचे खोगीर, मधोमध कण्यावर बोटभर पोकळी राहील असे. एक रुंद तंग. उतारावर खोगीर मानेकडे सरकू नये म्हणून दुमची. तोबरा खोगिराला मागे बांधलेला दिसू द्यावा, कारण तो स्वाराचा संसार आहे. दागिना म्हणून गळ्यात एखादा लोकरीचा गोंडा चालेल, त्याहून अधिक नको. संकराच्या जनावराला कोणत्या बाजूचा थाट द्यावा, अरबी की देशी, असा प्रश्न प्रदर्शनवाले घालतात. आमचे उत्तर असे, की ज्या कामासाठी ते रक्त जमविले त्या कामाचा थाट द्यावा.

एका ठिकाणी मात्र आम्ही जाणूनबुजून इतिहासाशी फारकत घेतो. जुने लगाम फार कडक असत. घोडा एका हाताने गर्रकन वळवायचा आणि जागच्या जागी थांबवायचा, तर तोंडात कठोर लोखंड लागे. लढाईत ते क्षम्य होते. ताशाच्या मागे चालताना ते नाही. काटेरी लगाम वापरण्यास सरकारी नियमाने १९६५ पासून बंदी आहे, हे किती मिरवणूकवाल्यांस ठाऊक असेल? साधा, गुळगुळीत, सांध्याचा लगाम घालावा, आणि कोणी पंडिताने 'हे अस्सल नव्हे' म्हटले तर खुशाल म्हणू द्यावे.

अकलूजचा घोडेबाजार आणि तापीकाठचा सारंगखेड्याचा बाजार आम्ही पाहिले आहेत. तेथे उंच मारवाडी आणि काठेवाडी जनावरांभोवती गर्दी असते. भीमथडीकडे कोणी वळून पाहत नाही. १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि या तट्टाला गिऱ्हाईक उरले नाही. ते सांभाळले धनगरांनी. बिऱ्हाडाची भांडी, वाघरू, कोकरू आणि कधी लेकरूही त्याच्या पाठीवर लादून त्यांनी दोनशे वर्षे हे रक्त चालू ठेवले. २०२३-२४ च्या सुमारास भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली. नोंद झाली हे बरे झाले. पण खोगीर कसे कसावे हे त्या कागदावर नाही, ते माण-खटावच्या धनगराच्या बोटांत आहे.

पुढच्या शिवजयंतीस असे एक तट्टू मिरवणुकीत आणावे, असा विचार येथील काही तरुणांनी आम्हांस बोलून दाखविला. आम्हीही उत्साहाने एका धनगर आजोबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, खोगीर कसे हवे तेही सांगितले आणि मग हसले. 'तुमची जयंती फेब्रुवारीत,' ते म्हणाले, 'आन् तवा आमची घोडी कोकणात असत्यात. दिवाळी झाली की आमी घाट उतरतो, मिरगाच्या आधी वर येतो.' आम्ही विचारले, एक तट्टू मागे ठेवाल का? त्यांनी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, 'ठिवीन. पर तंग मी सोता आवळीन.'