ॲडमिन, ॲडमिन

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच नोकरीत कळते. युजर सेटिंग्ज बदलत नाही. तुम्ही पाच टॅबची झकास खिडकी बनवा, त्यातल्या एकेका चेकबॉक्सवरून मीटिंगमध्ये तासतासभर भांडा, शेवटी बहुतेकांनी ती खिडकी उघडलेलीसुद्धा नसते. म्हणजे खरी सत्ता डिफॉल्ट ठरवणाऱ्याच्या हातात.

घरातल्या वायफाय राउटरचा इतिहास सांगताना लोक वेगाबद्दल बोलतात. आधी ११ मेगाबिट होते, मग ५४ झाले, मग तीनशे, वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे : डबा खोक्यातून बाहेर काढला की तो कुलूपबंद असायचा की सताड उघडा, आणि हे ठरवलं कोणी? ही गोष्ट अमेरिकेत सुरू होते आणि मध्येच नवी मुंबईत येऊन थांबते, म्हणून थोडा धीर धरा.

तर १९८५ चा मे महिना. अमेरिकेत रेडिओलहरींचं वाटप करणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाने तीन पट्टे विनापरवाना संपर्कासाठी मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात गुणगुणतात, म्हणून ही जागा तशी कोणाला नकोच होती. मायकेल मार्कस नावाच्या एफसीसीतल्या इंजिनिअरने हा विषय लावून धरला होता. या फुकट जागेचा उपयोग पहिल्यांदा सुचला तो एनसीआर या कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीला. दुकानातली गल्ल्याची मशीन वायरशिवाय जोडायची, एवढाच हेतू. त्यांच्या नेदरलँड्समधल्या ऑफिसातले व्हिक हेज १९९० पासून दहा वर्षं ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. १९९७ साली पहिलं स्टँडर्ड आलं. वेग एक नाहीतर दोन मेगाबिट.

(जाता जाता : वायफाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी' नाही. ते कशाचंच लघुरूप नाही. १९९९ साली एका ब्रँडिंग कंपनीकडून बनवून घेतलेलं नाव आहे. पुढच्या क्विझमध्ये वापरा.)

हे सगळं दुकानांसाठी आणि ऑफिसांसाठी जन्माला आलं, हे लक्षात ठेवा. ऑफिसात एक ॲडमिनिस्ट्रेटर असतो. तो मॅन्युअल वाचतो, पासवर्ड बदलतो, काही बिघडलं तर शिव्या खातो. स्टँडर्डमध्ये डब्ल्यूईपी नावाचं कुलूप होतं, पण ते ऐच्छिक. लावायचं की नाही हे ॲडमिन बघून घेईल! मग २१ जुलै १९९९ ला न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये स्टीव्ह जॉब्सने चालू आयबुक हुला हूपमधून आरपार नेऊन दाखवला, कुठेही वायर नाही. ॲपलचं एअरपोर्ट बेस स्टेशन २९९ डॉलरला आलं आणि ऑफिसातलं तंत्र घरात शिरलं. ॲडमिन मात्र ऑफिसातच राहिला.

घरच्या माणसाच्या दृष्टीने डब्ल्यूईपी म्हणजे काय होतं? शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली दहा नाहीतर सव्वीस अक्षरं, प्रत्येक लॅपटॉपवर बिनचूक टाईप करायची. एक चुकलं की नेट बंद, आणि का बंद ते कोणी सांगणार नाही. त्यात ते कुलूपही कच्चं. प्रत्येक पॅकेटसाठी किल्लीला चिकटवायचा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. गर्दीच्या नेटवर्कवर त्या काही तासांत संपून परत तेच आकडे यायला लागतात. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी (शमीर म्हणजे आरएसएमधला 'एस') त्यातली मूळ खोट दाखवली आणि काही आठवड्यांत एअरस्नॉर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं, जे नुसतं ऐकत बसून किल्ली काढून द्यायचं. २००७ साली जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तिघांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवलं.

याचा परिणाम मोठा विनोदी झाला. जाणकार म्हणायचे, लावून काय उपयोग, फुटतंय ते. सामान्य माणूस म्हणायचा, लावायचं कसं, जमत नाही ते. दोघांचं एकमत : राहू दे उघडं.

आणि नेमक्या याच काळात आला तो निळा-काळा डबा. लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी, डिसेंबर २००२. दोन शिंगं, पुढे लुकलुकणारे दिवे. जुन्या आयटीवाल्यांपैकी कोणाच्या तरी माळ्यावर अजूनही सापडेल. लिंक्सिस ही तैवानहून अमेरिकेत आलेल्या व्हिक्टर आणि जेनी त्साओ या जोडप्याने १९८८ साली गॅरेजमध्ये सुरू केलेली कंपनी. मार्च २००३ मध्ये सिस्कोने ती सुमारे ५० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं.

या डब्याचं डिफॉल्ट असं. नेटवर्कचं नाव 'लिंक्सिस'. एनक्रिप्शन बंद. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की सेटिंगचं पान, युजरनेम रिकामं, पासवर्ड 'ॲडमिन'. वायर खोचली, दिवे लागले, नेट सुरू. त्यानंतर त्या पानावर परत जायचं कारणच काय?

याला आळशीपणा किंवा मूर्खपणा म्हणणं मला पटत नाही. दुकानात रांगेने ठेवलेल्या स्वस्त डब्यावर कंपनीला सुटतात थोडेच पैसे. ग्राहकाने एकदा हेल्पलाईनला फोन करून अर्धा तास घेतला की तो नफा गेला, डबा परत आणला तर वर तोटा. कुलूप लावून पाठवलेला प्रत्येक डबा म्हणजे येऊ घातलेला एक फोन. उघडा डबा फोन करत नाही. मी त्या वेळी तिथे प्रॉडक्ट मॅनेजर असतो तर वेगळं काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणं कठीण आहे.

लोकांनी गाडीत लॅपटॉप आणि अँटेना ठेवून शहरभर अशी नेटवर्कं मोजायला सुरुवात केली. त्याला वॉरड्रायव्हिंग म्हणायचे. २००१ पासून वायगल नावाच्या साईटवर ही मोजदाद जमा होत गेली. तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त आढळणाऱ्या नावांत 'लिंक्सिस' असायचंच. म्हणजे त्या सगळ्या घरांत कोणीही, कधीही, काहीही बदललेलं नव्हतं.

याच डब्याची एक गोड बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर कोणीतरी दाखवून दिलं की या डब्याच्या पोटात लिनक्स आहे, पण जीपीएल लायसन्सप्रमाणे द्यायला हवा तो सोर्स कोड कुठेच दिलेला नाही. कोड आला होता चिप बनवणाऱ्यांच्या साखळीतून, सिस्कोने फक्त कंपनी विकत घेतली होती. शेवटी कोड द्यावा लागला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याआधी या डब्याच्या पिंगच्या पानावर पत्त्याऐवजी कमांड लिहिली तर डबा ती रूट म्हणून मुकाट्याने चालवायचा. हॅकर मंडळी अशीच आत शिरली :) आणि गंमत बघा. याच मंडळींनी बनवलेलं ओपनडब्ल्यूआरटी वर्षानुवर्षं वायफाय बंद ठेवून येत राहिलं. तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय रेडिओ एक शब्द बोलणार नाही. लिंक्सिसच्या बरोबर उलटं डिफॉल्ट. त्यांना हेल्पलाईन चालवायची नव्हती, हाही फरक आहेच म्हणा.

असो. आता आपल्याकडे येऊ.

जानेवारी २००५ च्या नियमांनी भारतात २.४ गिगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या उपकरणांना लायसन्समधून सूट मिळाली. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या तेव्हा २५६ केबीपीएस होती (हसू नका). पुण्या-मुंबईच्या फ्लॅट्समध्ये मोडेमसोबत राउटर यायला लागले आणि त्यांची डिफॉल्ट्सही सोबत आली. जोडायला येणाऱ्या मुलाचं काम एवढंच की ब्राउझरमध्ये एक पान उघडून दाखवायचं आणि सही घ्यायची.

२६ जुलै २००८, शनिवार संध्याकाळ. अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले, ५६ माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनल्सना 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने ईमेल गेली होती. ईमेलमधला आयपी पत्ता शोधत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक, आणि त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं.

पुढे जे झालं ते नेटवर्किंगच्या पुस्तकातलं एनएटीचं प्रकरण माणसाच्या अंगावर कोसळावं तसं होतं. घरात दहा उपकरणं असोत की इमारतीच्या खाली गाडीत लॅपटॉप घेऊन कोणी बसलेला असो, राउटरमधून बाहेर पडताना सगळ्यांना एकच पत्ता मिळतो. इंटरनेट कंपनीच्या नोंदीत तो पत्ता असतो बिल भरणाऱ्याच्या नावावर. आत कोण होतं हे फार तर राउटरला माहीत, आणि घरगुती डब्याची स्मरणशक्ती तुटपुंजी, बटण बंद केलं की तीही पुसली जाते. त्या माणसाची चौकशी झाली, संगणक जप्त झाले, त्याच्या देश सोडण्यावर बंदी आली, तरी तो निघून गेला म्हणून गदारोळ झाला. शेवटी त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण ते आठवडे त्याच्या घरच्यांनी कसे काढले असतील, विचार करा.

ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून तशीच ईमेल गेली. सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे हे करणारे लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्कं शोधत फिरले होते, आणि त्या प्रकरणात पकडलेल्यांत पुण्यातला एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही होता. म्हणजे वॉरड्रायव्हिंगच, पण कुतूहलासाठी नव्हे.

२००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की तेच आता फिरून उघडी नेटवर्कं शोधणार आणि मालकांना समज देणार. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याबाबत सूचना काढल्या. आणि मग जोडायला येणारा मुलगा पासवर्ड टाकून द्यायला लागला. डब्ल्यूपीएला किमान आठ अक्षरं लागतात, म्हणून एक ते आठ. नाहीतर घरच्यांचा मोबाईल नंबर. आपल्याकडचे मोबाईल नंबर सहा, सात, आठ, नऊने सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला खूप वाटतं, पण एकदा जोडणीची देवाणघेवाण हवेतून पकडली की आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे तास-दोन तासांचं काम आहे.

कारखान्यांनी मधल्या काळात काय केलं? डब्ल्यूपीए २००३ मध्ये आलं होतं, डब्ल्यूपीए२ त्याच्या पुढच्या वर्षी, आणि मार्च २००६ पासून वायफायचा शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए२ असणं सक्तीचं झालं. असणं. चालू असणं नव्हे! मग २००७ मध्ये डब्ल्यूपीएस आलं : बटण दाबा किंवा आठ आकडी पिन टाका, किल्ली टाईप करायची कटकटच नको. पण त्या पिनमधला शेवटचा आकडा बाकीच्या सातांवरूनच काढलेला, आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासून 'पहिला अर्धा बरोबर' असं सांगून टाकायचा. दहा कोटींऐवजी उरले ११ हजार प्रयत्न. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबॉक यांनी उघड केलं. हा चेकसम कुठल्या रिव्ह्यूमधून पास झाला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

शेवटी जो उपाय खरंच चालला तो अगदी साधा होता. प्रत्येक डब्याला कारखान्यातच वेगळा पासवर्ड द्यायचा आणि तो बुडाशी चिकटवायचा. युजरने काही बदललं नाही तरी कुलूप लागलेलंच. त्यातही शहाणे निघाले. थॉमसन कंपनीच्या स्पीडटच राउटरांमध्ये ही किल्ली सीरियल नंबरवरून गणिताने काढलेली होती आणि नेटवर्कचं नावही त्याच गणितातून. २००८ साली ते गणित बाहेर आलं, तेव्हा नुसत्या नावावरून मोजक्याच संभाव्य किल्ल्या उरायला लागल्या.

वायफायची किल्ली अशी सुधारत गेली, पण सेटिंगच्या पानाचा 'ॲडमिन' तसाच राहिला. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर साठाहून थोड्या जास्त डिफॉल्ट युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन इंटरनेटभर कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ठोठावत फिरलं. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साईट्स अमेरिकेत तासन्‌तास अडखळत होत्या.

मग कायदा आला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, बाहेरून लॉगिन करता येणाऱ्या उपकरणाला एकतर प्रत्येक नगासाठी वेगळा पासवर्ड हवा, नाहीतर पहिल्या वापराआधी तो बदलायला लावलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच डिफॉल्ट पासवर्ड देणं बेकायदा झालं. नव्या डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर आता बहुतेक वेळा दोन पासवर्ड असतात, एक वायफायचा आणि एक सेटिंगच्या पानाचा. जुना डबा असेल तर दुसऱ्याच्या जागी काय छापलंय ते तुम्हीच बघा.